एफसीएल म्हणजे काय? अख्खा कंटेनर कधी घ्यायचा, कधी नाही

उरणकडे जाताना ट्रेलरवरचे मोठे लोखंडी डबे तुम्ही पाहिले असतीलच. त्यांच्या बाबतीत एक शब्द सारखा ऐकू येतो: एफसीएल, म्हणजे फुल कंटेनर लोड. नावावरून वाटतं की कंटेनर गच्च भरलेलाच हवा. पण तसं नाही! एफसीएल म्हणजे अख्खा कंटेनर एकाच पार्टीच्या मालासाठी. अर्धा रिकामा गेला तरी भाडं पूर्ण डब्याचं.

शेअर रिक्षा की स्पेशल रिक्षा?

समजा, तुमची ताई सावंतवाडीची लाकडी खेळणी न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवते. माल थोडा असेल तर एलसीएल, म्हणजे शेअर रिक्षा: एका डब्यात अनेकांचा माल, आणि भाडं घनमीटर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर. एफसीएल म्हणजे स्पेशल रिक्षा.

२० फुटी कंटेनरमध्ये आतून सुमारे ३३ घनमीटर जागा असते. आता हिशेबासाठी धरा, एलसीएलचा दर घनमीटरला ६,००० रुपये आणि अख्ख्या डब्याचा ९०,०००. मग १५ घनमीटरच्या पुढे माल गेला की अर्धा डबा रिकामा असूनही एफसीएल स्वस्त! खरे दर सतत बदलतात, म्हणून दोन्ही कोटेशन मागवा.

सीलचा फायदा

एफसीएलमध्ये माल गोदामातच भरून दाराला नंबर असलेलं सील लावता येतं. कस्टम्सने तपासणीसाठी उघडलं नाही, तर ते थेट घेणाऱ्याच्या दारात तुटतं. एलसीएलमध्ये माल वाटेत इतरांच्या मालासोबत चढतो-उतरतो, त्यामुळे तुटफुटीची शक्यता वाढते.

मोबाईलवर ट्रॅकिंग

प्रत्येक कंटेनरला ४ अक्षरं आणि ७ अंकांचा नंबर असतो. तो शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला की डबा बंदरात शिरला, जहाजावर चढला, उतरला हे सगळं दिसतं. शेवटचा अंक आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो, आधार नंबरच्या शेवटच्या अंकासारखाच. एक अंक चुकला तर बहुतेक वेळा सिस्टिम लगेच पकडते.

खिसा इथे कापला जातो

डबा भाड्याचा आहे, हे विसरू नका. ठरलेल्या फ्री दिवसांनंतर भरलेला डबा बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागतं. बाहेर नेलेला डबा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. दोन्ही रोजच्या हिशेबाने वाढतात, आणि एखादा कागद अडकला म्हणून मीटर थांबत नाही. वाचवलेलं भाडं असंच निघून जातं.

म्हणून बुकिंगआधी भाड्यासोबत एक प्रश्न नक्की विचारा: दोन्ही बंदरांत फ्री दिवस किती? आणि उत्तर लेखी घ्या.