स्टोअरमधले अ‍ॅप म्हणजे तपासलेले अ‍ॅप नव्हे

कॅमेऱ्यावर बोट ठेवा, फोन छातीला लावा आणि रक्तदाब जाणून घ्या, असा दावा करणारे 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या स्टोअरवर आले. वर्षभराने ते हटेपर्यंत एक लाखाहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते तपासले, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्या दहापैकी जवळपास आठ जणांना त्याने खोटा दिलासा दिल्याचे दिसले. आता केवळ फोनच्या सेन्सरवरून रक्तदाब किंवा साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपना तिथे मनाई आहे.

याउलट टाइप-१ मधुमेहाशी झुंजणाऱ्या कुटुंबांनी घडवलेले 'लूप' स्टोअरमध्ये नाही. दर ५ मिनिटांनी सेन्सरकडून साखर समजताच ते पंपातले इन्सुलिन कमी-जास्त करते. ते संगणकावर स्वतः तयार करून फोनमध्ये घ्यावे लागते. मोफत खात्यावरून घेतलेले ७ दिवसांत बंद पडते. त्यावरच आधारलेल्या 'टाइडपूल लूप'ला अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली.

स्टोअरचा पहारा गरजेचा आहे, पण ती वैद्यकीय तपासणी नव्हे. रक्तदाब दंडाला पट्टा बांधूनच मोजावा. फोनवरचा आकडा पाहून गोळी परस्पर बंद करू नये.