आई, या वेळी तूही आत ये!

लहानपणीचे क्लास आठवतात? चित्रकला, तबला, अबॅकस, स्विमिंग. तुम्ही आत आणि आई बाहेरच्या बाकावर, मांडीवर तुमची वॉटरबॅग घेऊन. तिने तुमच्यासाठी किती तास असे बसून काढले असतील, हिशोबच नाही. आता एखाद्या रविवारी हँडमेड कार्ड आणि पेपरक्राफ्टच्या क्लासला दोन नावं द्या. एक तुमचं, एक तिचं.

नेमका हाच क्लास का? कारण इथे दोघंही पहिलीत असता. कार्डशीट, कटर, स्टीलची पट्टी आणि फेव्हिकॉल एवढ्यावर सुरुवात होते.

‘मला कुठे जमणार आता?’, ‘रविवारी घरात किती कामं असतात!’ ही उत्तरं येणारच. वाद घालू नका. ‘एकट्याने जायला बोअर होतं, चल ना,’ एवढंच म्हणा. स्वतःसाठी ती निघणार नाही, तुमच्यासाठी निघेल. आणि रविवारचा स्वयंपाक आदल्या दिवशीच वाटून घ्या, नाहीतर तिचं अर्धं लक्ष कुकरपाशीच राहील!

तिथे गेल्यावर पहिला धडा कागदाचा. प्रिंटरमधला कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. कार्डासाठी 220 ते 300 जीएसएमचा जाड कागद बरा. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने असतात. त्या दिशेने घडी घातली तर सुबक बसते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. म्हणून आधी कागद हलकेच वाकवून बघायचा. मग संपलेल्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ दाबायची आणि त्यावर घडी घालायची.

क्विलिंग सुरू झालं, की आई पुढे निघून जाते. तीन-पाच मिलिमीटरची पट्टी गुंडाळायची, थोडी सैल सोडायची आणि एका टोकाला चिमटीत दाबायची. झाली पाकळी! मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बोटांना ही चिमटी वेगळी शिकवावी लागत नाही. पॉप-अप कार्डात कदाचित तुम्ही बाजी माराल. घडीवर सारख्या लांबीचे दोन समांतर काप द्यायचे आणि मधला भाग आत ढकलायचा. कार्ड उघडलं की पायरी उभी!

एक पथ्य मात्र पाळा. मोबाइल शिकवताना आपण ‘दे इकडे, मीच करून देतो’ म्हणत तिच्या हातातून फोन काढून घेतो ना, तसं इथे करायचं नाही. तिची पट्टी सुटली तर सुटू दे. तिलाही तुमच्या वाकड्या कडा सरळ करू देऊ नका.

हात कामात आणि नजर कागदावर असली, की गप्पाही वेगळ्या होतात. ‘अभ्यास झाला का?’, ‘जॉबचं काय?’ हे प्रश्न मागे पडतात. शाळेत असताना दिवाळीची भेटकार्डं कुणाला पाठवायची, कुठली मैत्रीण नंतर भेटलीच नाही, असं काहीबाही निघतं. तेव्हा फोन बाजूला ठेवा. रील नंतरही करता येईल.

गोडी लागलीच, तर पुढचा रविवार कागदाच्या खरेदीला. पुण्यात शिवाजीनगरला 1940 मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनणारा तो खरखरीत, जाडसर कागद हातात घेऊन बघाच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच या धंद्यावरून पडलंय.

तयार कार्ड द्यायचं कसं? क्विलिंगची फुलं साध्या पाकिटात चेपतात, म्हणून छोटा खोका करा किंवा स्वतः नेऊन द्या. तिचं पहिलं कार्ड कुणासाठी, हे तिलाच ठरवू द्या. ते तुमच्याऐवजी तिच्या जुन्या मैत्रिणीकडे गेलं, तर अजिबात रुसू नका. पत्ता शोधायला मदत करा.