निळी खुर्ची, कंटाळलेली पोर

लेखांक ९

फोटो काढताना घरातली मोठी माणसं पोरींना काय काय सांगतात ते आठवा. ताठ बस, फ्रॉक खाली ओढ, गुडघे जवळ घे, इकडे बघून हस. १८७८ साली मेरी कॅसाटनं पॅरिसमध्ये रंगवलेल्या मुलीला यातलं एकही वाक्य कुणी ऐकवलेलं दिसत नाही. निळ्या, गुबगुबीत खुर्चीत ती चक्क पसरली आहे. एक हात डोक्यामागे, दुसऱ्या हाताचं कोपर खुर्चीच्या हातावर, पाय फाकलेले, पांढरा झगा वर सरकलेला. कमरेला चौकड्याचं कापड गुंडाळलंय, त्याला जुळणारे मोजे आहेत, बुटांना चकचकीत बकलं आहेत. म्हणजे कुणीतरी हिला हौसेनं नटवलं होतं. ती सगळी मेहनत या लोळण्यापायी फुकट गेली. पोरीची नजर आपल्याकडे नाहीच, खाली कुठेतरी लागली आहे. समोरच्या खुर्चीत ब्रसेल्स ग्रिफन जातीचं छोटं कुत्रं गाढ झोपलंय. कंटाळा आला की कुत्र्याला झोपता येतं. पोरीला तेवढीही सोय नाही.

मागच्या लेखात बर्थ मोरिझोचा पाळणा पाहिला होता. तिथे आई होती, झिरझिरीत पडदा होता, माया होती. इथे मायेचा मागमूस नाही, आणि मला हे चित्र त्यासाठीच जास्त आवडतं. त्या काळात श्रीमंत घरातलं मूल चित्रात यायचं ते गोडुली बाहुली होऊन. कॅसाटनं लहानपणातली एक अगदी रोजची अवस्था पकडली, जी मोठ्यांना लाजिरवाणी वाटते.

चित्र साधारण तीन फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद. एका मुलीच्या व्यक्तिचित्राला उभी चौकट सहज पुरली असती. कॅसाटनं आडवी घेतली आणि त्यात फर्निचर भरलं. निळ्या बैठका इतक्या ऐसपैस की काही चौकटीच्या कडेला कापल्या गेल्या आहेत. अशी कापाकापी इम्प्रेशनिस्ट चित्रकार जपानी छापचित्रांतून शिकले होते. खुर्च्यांच्या मधली करडी जमीन समोरून वर चढत गेल्यासारखी दिसते. बैठकांच्या कापडावरची नक्षी जवळून पाहिली तर नक्षी राहतच नाही. निळ्यावर लाल, हिरवे, पांढरे फटकारे, तेही घाईत मारल्यासारखे. चेहऱ्याशी आल्यावर मात्र ब्रश सावकाश चालतो. मोठ्यांच्या मापानं केलेल्या या दिवाणखान्यात पोर किती लहान आहे ते सांगायला खुर्च्याच पुरेशा आहेत.

कॅसाट मूळची अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनियाची, जन्म १८४४चा. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दरवाजे बायकांना १८९७पर्यंत बंदच होते, त्यामुळे ती खासगी शिकवण्या घेत आणि लूव्हरमध्ये जुनी चित्रं नकलून काढत शिकली. १८७७ साली सलोननं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनानं, तिची चित्रं परत पाठवली. त्याच वर्षी चित्रकार एदगार देगानं तिला आपल्या इम्प्रेशनिस्ट मंडळींत बोलावलं. पुरुष चित्रकार कॅफेत बसत, नाट्यगृहाच्या पडद्यामागे हिंडत. चांगल्या घरच्या अविवाहित बाईला तशी मोकळीक नव्हती. तिच्या वाट्याला दिवाणखाना आला. तिनं त्याच दिवाणखान्याचं काय केलं ते आपण पाहतोच आहोत.

ही मुलगी देगाच्या स्नेह्यांची. देगाला चित्र आवडलं, पार्श्वभूमीबद्दल त्यानं काही सुचवलं, आणि नुसतं सुचवून न थांबता स्वतः ब्रशही चालवला. हे आपल्याला कळतं ते खुद्द कॅसाटच्या पत्रातून. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आहे; तिथे २०१४च्या देगा-कॅसाट प्रदर्शनाच्या निमित्तानं ते साफ करून अवरक्त किरणांखाली तपासलं, तेव्हा पत्राला पुरावा मिळाला. खोलीची मागची रेघ आधी आडवी होती. ती तिरकी झाली, भिंतींना कोपरा आला आणि खोलीला खोली मिळाली. त्या भागातले फटकारेही कॅसाटच्या हातचे वाटत नाहीत.

एवढ्यावरून काही जण अख्ख्या चित्राचं श्रेय देगाच्या पदरात टाकायला निघतात. कोपरा त्याचा, मान्य. तो कोपरा हुशार आहे, हेही मान्य. पण त्या पोरीला ‘नीट बस’ न म्हणण्याचा निर्णय कॅसाटचा होता, आणि चित्र उभं आहे ते त्या निर्णयावर.

१८७८ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यातल्या अमेरिकी विभागाकडे कॅसाटनं हे चित्र पाठवलं. ते नाकारलं गेलं. पुढच्याच वर्षी तिनं इम्प्रेशनिस्टांच्या चौथ्या प्रदर्शनात आपली चित्रं मांडली. तिथे निवड समितीची भानगडच नव्हती. चित्रविक्रेता आम्ब्रवाझ व्होलार याला या चित्राबद्दल तिनं पत्र लिहिलं ते १९०३ साली. तोवर तिचं चांगलं नाव झालं होतं. तरी नकार आल्यावर आपण किती भडकलो, आणि देगाचा हात लागला होता म्हणून तो नकार जास्तच कसा झोंबला, हे तिनं त्यात लिहिलं आहे. परीक्षक तिघे होते, हेही तिच्या लक्षात होतं. त्यातला एक औषधविक्या होता, हे तर २५ वर्षांनीही ती विसरली नव्हती.