हिवाळा, संधिवात आणि आपली गादी

माळव्याची थंडी वृद्धांच्या सांध्यांना जड जाते, हा अनुभव आम्हां धान्य-व्यापाऱ्यांना दरसाल येतो. सोयाबीनची आवक ओसरते न ओसरते तोच मार्गशीर्ष उजाडतो, आणि दिवसभर गादीवर मांडी घालून बसलेला वडीलधारा मनुष्य सायंकाळी भिंत धरून उठतो. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक होय.

वार्धक्यात सर्वाधिक आढळणारा संधिवात म्हणजे सांध्यांची झीज. हाडांच्या टोकांवरील कूर्चा पातळ होते व गुडघा दुखू लागतो. थंडी हा रोग उत्पन्न करीत नाही. परंतु तिने स्नायू आखडतात, हालचाल मंदावते आणि वेदना अधिक जाणवते. म्हणून ऊब व हालचाल हेच हिवाळ्यातील मुख्य उपाय होत.

पहाटे अंथरुणातच गुडघे व घोटे दहा-दहा वेळा हलवावेत. ऊन वर आल्यावर झेपेल तितके चालावे. देरासराची फरशी गार असते, तेव्हा दर्शनास थोडे उशिरा गेल्यास बिघडत नाही. शेकासाठी तापविलेल्या मिठाची पुरचुंडी उत्तम. मात्र मधुमेह्याच्या पायांची संवेदना मंद असू शकते, म्हणून तिची उष्णता घरातील दुसऱ्याने आधी पाहावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने प्राण जातात. पेढीवर खुर्ची घ्यावी व दर अर्ध्या तासाने उठावे. सामायिकाची ४८ मिनिटे मांडी सोसत नसेल, तर गुरुमहाराजांना विचारून आसन बदलावे. आपल्याला वजनाचा हिशेब चांगला कळतो: देहाचे १ किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

आता माझी चूक सांगतो. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी वेदनाशामक गोळ्या महिनाभर घेतल्या, उपवासाच्या दिवशीही सोडल्या नाहीत. अखेर शौच काळे झाले, पोटात रक्तस्राव निघाला आणि रुग्णालयात राहावे लागले. अशा गोळ्या रिकाम्या पोटी जठरास, आणि पाणी कमी पडल्यास मूत्रपिंडास अपाय करतात. चौविहार उपवासात तर पाणीही वर्ज्य! तपश्चर्येपूर्वी आपली औषधे डॉक्टरांना अवश्य दाखवावीत. घटक न सांगता विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासूनही दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

सांधा एकाएकी लाल व गरम झाला, ताप आला, किंवा सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकू लागला, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

तरुण बंधूंस एवढीच विनंती की, घरातील वडील उठताना थबकले तर हात द्यावा, आणि ते कोणती गोळी घेतात हेही विचारावे. जय जिनेंद्र.