रेसची वायर गेली त्यानंतर

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये पायापासून कार्बोरेटरपर्यंत एक पोलादी तार होती, बस्स. ‘गाडी रेस घेऊन नाई राह्यली’ म्हटलं की मिस्त्री बॉनेट उघडून ती तार बोटानं ओढायचा, इंजिनाला कान लावायचा. तुटली असेल तर नवी टाकायची.

वऱ्हाडात ही तार आधी डिझेल गाड्यांनी घालवली. २००५ च्या सुमारास स्कॉर्पिओत सीआरडीई, म्हणजे कॉमन-रेल डिझेल इंजिन आलं आणि पायाखाली सेन्सर बसला. पेट्रोल गाड्यांच्या थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, मोटर लागली ती सावकाश. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, तोवर नव्या गाडीत तार शोधावी लागत होती.

गॅरेजवाल्यांची खरी अडचण पेडलमध्ये होती. त्यात सेन्सर एक नसतो, दोन असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं. हिशेब जुळला नाही की गाडीतला संगणक पायाचं ऐकणं सोडतो, दिवा लागतो आणि गाडी बैलगाडीसारखी चालते. पहिली काही वर्षं स्कॅनरनं ‘पेडल’ म्हटलं की अख्खं पेडल बदललं जायचं. माझ्या मते त्यात गिऱ्हाइकांचे बरेच पैसे विनाकारण गेले. स्कॅनर बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढंच सांगतो. दोष कित्येकदा कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या वायरीत असतो. मल्टिमीटर लावून पेडल हळूहळू दाबायचं आणि व्होल्टेज मध्येच तुटतं का ते पाहायचं, ही सवय लागायला वेळ गेला.

थ्रॉटल बॉडीचंही तसंच. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं उखडलेला होता, धुळीला तोटा नव्हता. एअर फिल्टर तुंबला तरी कोणी बदलत नसे. झडपेच्या कडेला काजळी साचली की गाडी सिग्नलला बंद पडायची. साफसफाईला डबा तोच, कार्ब क्लीनरचा; पण कपड्यावर घेऊन पुसायचं, आणि चावी चालू असताना झडप बोटानं ढकलायची नाही, आतले प्लास्टिकचे दाते जातात. त्यानंतर आयडलिंग संगणकाला नव्यानं शिकवावं लागतं. हे न करता गाडी परत दिली की ती दुसऱ्या दिवशी दारात उभी.

आता इलेक्ट्रिक गाड्यांत थ्रॉटलच नाही. पेडलमधले ते दोन सेन्सर मात्र तिथंही आहेत, आणि पिना तिथंही गंजतात.