कान शाबूत, तरी शब्द कळेना

चक्कर आली की आपल्याकडे घरोघरी दोनच निदानं ठरलेली: पित्त झालं, नाहीतर मानेचा त्रास. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. क्वचित मात्र मेंदूच्या देठात रक्तस्राव झालेला असतो.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, जेमतेम तीन इंचांचा. श्वास, गिळणं, शुद्ध यांचा कारभार इथूनच चालतो. आतल्या कानातून ऐकण्याचे आणि तोलाचे संदेश आणणारी आठवी नसही इथेच शिरते. वर्षानुवर्षं अंगावर काढलेला रक्तदाब इथल्या बारीक रक्तवाहिन्या फोडतो. तरुणांमध्ये कॅव्हर्नोमा या रक्तवाहिन्यांच्या गाठीतूनही रक्त झिरपतं.

हा अंक स्थिर धरून वाचता वाचता मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं जागेवर राहतात. आता मान स्थिर ठेवून अंक तसाच हलवा. अक्षरं पुसट होतात. पहिल्या वेळी नजर सावरली ती देठातल्या तोलकेंद्रांनी. ती जायबंदी झाली की चालताना भिंती हिंदकळतात, अंधारात पाय कुठे पडतो ते कळत नाही.

ऐकण्याचं दुखणं आणखी फसवं. प्रत्येक कानाचा आवाज देठात शिरल्यावर दोन्ही बाजूंना जातो, म्हणून एका बाजूच्या रक्तस्रावाने ठार बहिरेपण सहसा येत नाही. ऑडिओमेट्रीचा आलेख चांगला असूनही लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्याचं बोलणं उमगत नाही, असं होऊ शकतं. घरचे म्हणतात, ‘लक्षच देत नाही.’ हा त्या माणसावर अन्याय आहे. अशा वेळी बेरा चाचणी उपयोगी पडते. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक ऐकवतात; पुढच्या 10 मिलिसेकंदांत पाच लहरी उमटतात. पहिली लहर नीट आणि पुढच्या गायब, तर दोष कानात नसून पुढच्या वाटेवर आहे.

रक्त वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने झिरपलं, तर त्यातलं लोह आठव्या नसेवर साचतं आणि दोन्ही कान हळूहळू जातात. एमआरआयवर ते काळ्या कडेसारखं दिसतं.

तोल बराचसा परत मिळवता येतो. त्यासाठी नजरेचे आणि चालण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून महिनोन्महिने करावे लागतात.

अचानक गरगरलं आणि जोडीला दोन-दोन दिसू लागलं, जीभ जड झाली, उभंच राहवेना, तर कांदा हुंगवत बसू नका. लिंबूपाणीही पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते श्वासनलिकेत उतरेल. 108ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.