ऑइल कॅच कॅन : इंजिनाच्या श्वासातलं तेल गाळणारा डबा

भूम-कुंथलगिरी पट्ट्यातला खवा घेऊन बालाघाटचे चढ चढणाऱ्या टर्बो डिझेल पिकअपचं इंजिन जोरावर असतं. तेव्हा सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो तिथे कोंडला तर सील फुटतील, म्हणून एका नळीने तो पुन्हा इनटेककडे खेचला जातो. सोबत जातं तेलाचं बारीक धुकं. डिझेलमध्ये ईजीआरची (थोडा धूर इनटेकमध्ये परत पाठवणाऱ्या यंत्रणेची) काजळी त्यात मिसळली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये काळा चिकट थर बसतो.

कॅच कॅन याच नळीच्या वाटेवर बसतो. आतली जाळी आणि आडव्या पट्ट्या गॅसची चाल मोडतात. थेंब एकमेकांना चिकटून तळाशी गळतात, हलका गॅस पुढे जातो.

थंडीत जवळच्याच फेऱ्या होत असतील तर डब्यात दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी-तेल साचतं. ते इंजिनात परत ओतू नये, ओढ्यातही नाही. जळक्या तेलासोबत गॅरेजवर द्यावं. डबा वेळच्या वेळी रिकामा करणं फार महत्त्वाचं, कारण तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो.

साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला याची सहसा गरज नाही. तिथे पेट्रोलचा फवाराच इनटेक व्हॉल्व्हवरचा थर धुतो. फायदा मुख्यतः टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना. नळी हवेत मोकळी सोडणारा डबा मात्र घेऊच नका : १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांत क्रँककेसचा गॅस बाहेर सोडणं बसत नाही.